प्रतिनिधींच्या गच्चीवरच्या कुरडया

माकुराच्या राष्ट्राध्यक्षांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला सगळे राजदूत एका रांगेत उभे राहायचे, आणि त्या रांगेत सुहास नाईकवडी शेवटून दुसरा असायचा. त्याच्या पुढं सगळ्या खऱ्याखुऱ्या देशांचे राजदूत. त्याच्या मागं एक मानद वाणिज्यदूत, जो मूळचा बेकरीवाला होता आणि रांगेत कुठं थांबायचं हे ज्याला दर वर्षी नव्यानं सांगावं लागायचं. सुहासच्या गाडीला निळी पाटी होती, गाडीवर झेंडा होता, त्याच्या घराच्या फाटकाच्या आत माकुराच्या पोलिसालासुद्धा विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. फक्त या सगळ्याच्या पाठीमागं देश नव्हता. एक आयोग होता. हिंदी महासागर मेघ आयोग.

आयोगाला राष्ट्रगीतही नव्हतं. त्यामुळं स्थापनादिनाच्या समारंभात बँडवाले वाद्यं हातात धरून मिनिटभर गप्प उभे राहत, आणि पाहुण्यांत कोणी नवखा असला की तो शेजाऱ्याला हळूच विचारी, कोण गेलं? सुहासची बायको रेश्मा दर वर्षी पदर तोंडाला लावून हसू दाबायची. एवढे एकतीस देश एकत्र आले, त्यांना एक सनईवाला मिळू नये, असं तिचं म्हणणं होतं.

वाळवा तालुक्यातल्या माणसानं समुद्राच्या नोकरीत शिरावं हा एक विनोदच होता. लहानपणी सुहासनं पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे कृष्णेचा पूर. पण तो हवामानशास्त्र शिकला, आयोगात लागला आणि साठीला आला तेव्हा आफ्रिकेच्या पूर्वेला असलेल्या या चिमुकल्या बेटावर आयोगाचा प्रतिनिधी होऊन बसला होता. थकला होता. काम जड होतं म्हणून नव्हे. काम असं फारसं नव्हतंच. तो तिथं असणं हेच त्याचं काम होतं, आणि नुसतं असण्यानं माणूस किती दमतो हे त्याला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

आयोग करायचा काय, ते सोपं आहे. चक्रीवादळ समुद्राच्या गरमीवर जगतं. पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांवर तापलं की त्याची वाफ वर चढते, वर थंड होऊन तिचं पाणी होताना पोटातली उष्णता हवेला देऊन टाकते, आणि त्या उष्णतेवर वादळ गरगरत राहतं. पाणी एखाददुसऱ्या अंशानं निववलं की वादळाचं खाणं तुटतं. आयोगाच्या जहाजांवर उंच नळकांडी होती. ती समुद्राचं पाणी ओढून त्याचे डोळ्यांना न दिसणारे तुषार उडवायची. तुषार वाळला की मिठाचा कण उरतो, कण वाऱ्याबरोबर वर जातो आणि ढगात त्याच्याभोवती थेंब धरतो. तेवढंच पाणी जास्त आणि बारीक थेंबांत वाटलं गेलं की ढग जास्त पांढरा दिसतो, पांढरा ढग ऊन परत पाठवतो, आणि खालचा समुद्र सावलीत ठेवलेल्या माठासारखा निवतो.

इथपर्यंत कोणालाही टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. पुढची गोष्ट टाळ्यांची नव्हती. जहाजं थोडी होती आणि समुद्र मोठा. शिवाय एका बाजूचं पाणी निववलं की वादळ दुसऱ्या, कोमट बाजूला कलायचं. म्हणजे एका किनाऱ्याला वाचवायचं तर दुसऱ्याच्या दारात वादळ नेऊन सोडायचं. ते कोणाच्या दारात सोडावं हे एखाद्या देशानं ठरवलं असतं तर लढाया पेटल्या असत्या. म्हणून एकतीस देशांनी हा अधिकारच स्वतःकडून काढून आयोगाला देऊन टाकला. आयोगाचं यंत्र प्रत्येक किनाऱ्यावरची माणसं, घरं, बंदरं आणि मागच्या वादळांतली हानी मांडायचं आणि सगळ्यांत कमी नुकसान जिथं होईल तो किनारा निवडायचं. आणि विरुद्ध मत दिलेल्या देशालाही तो निर्णय पाळावा लागे.

आता ज्याचं घर वाहून जाईल तो आयोगाच्या दारात येणारच. म्हणून प्रतिनिधींना राजदूतांसारखं संरक्षण होतं. त्यांना अटक करता येत नसे, त्यांच्यावर दावा लावता येत नसे, साक्षीला बोलावता येत नसे. सुहासच्या आधीच्या प्रतिनिधीवर एका विधवेनं फिर्याद केली होती, ती न्यायालयानं दोन ओळींत परत पाठवली. पण या संरक्षणातली मेख लोकांना ठाऊक नव्हती. ते सुहासचं नव्हतं, आयोगाचं होतं. देणारा आयोग, काढून घेणाराही आयोग. सुहासनं मनात आणलं तरी तो ते उतरवून ठेवू शकत नव्हता.

आणखी एक अट होती. प्रतिनिधीनं कुठल्याही देशाचं नागरिक असता कामा नये. नाहीतर तो आपल्याच मुलखाची बाजू घेणार असं बाकीच्यांना वाटायचं. सुहासनं बारा वर्षांपूर्वी भारताचा पासपोर्ट परत करून आयोगाचा राखाडी पासपोर्ट घेतला. त्याचे वडील वारले तेव्हा व्हिसा मिळून तो वाळव्याला पोचेपर्यंत दहावा उरकला होता. धाकट्या भावानं दारातच त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि आत हाक दिली, "पाहुणे आलेत, पाणी आणा." भाऊ वाईट हेतूनं बोलला नव्हता. म्हणूनच ते सुहासच्या काळजात जास्त रुतलं.

*

आयोगाचा एक नियम मात्र सगळ्या किनाऱ्यांवर शिव्या खायचा. वादळ कुठं वळवलं आहे हे ते येऊन धडकण्याआधी एक दिवस जाहीर होई, त्याआधी नाही. पूर्वी आधी सांगत असत. मग एका किनाऱ्यावरच्या लोकांनी होड्या काढल्या आणि फवारणीची दोन जहाजं जाळली. तेव्हापासून सगळं गुप्त. वादळ येतंय एवढं सगळ्यांना कळायचं, पण हवामान खात्यांचा नकाशा दोन हात पसरून उभा असायचा, इकडंही येईल, तिकडंही जाईल.

एक दिवस पुरेसा आहे असं आयोगाला वाटायचं, कारण आयोगाचं मुख्यालय डोंगरावर होतं. माकुराची राजधानीही टेकडीवर होती. पण राजधानीसमोर, खाडीपलीकडं, लांबा नावाचा वाळूचा लांबट पट्टा होता. त्यावर कोळ्यांची वस्ती. पूल नाही. ये-जा दोन तरींवरून, म्हणजे माणसं पार नेणाऱ्या मोठ्या नावांवरून. म्हातारी माणसं, पोरं, शेळ्या, जाळी, होड्यांची इंजिनं, एवढं सगळं हलवायला दोन-तीन दिवस हवेत.

तर मग लांबाच्या लोकांनी काय करावं? त्यांनी प्रतिनिधींच्या घराकडं पाहायला सुरुवात केली. घर टेकडीच्या कडेला होतं आणि त्याची सपाट गच्ची लांबावरून स्वच्छ दिसायची. याला सगळं आधी कळतं, हा आणि ह्याची बायको कसे वागतात ते बघा, इतका साधा हिशेब. आधीच्या प्रतिनिधीच्या घराच्या खिडक्यांकडं पाहून त्यांना काही कळायचं नाही. मग रेश्मा आली.

माकुराला मार्चमध्ये कडकडीत ऊन असतं आणि तोच वादळांचा शेवटचा महिना असतो. असं ऊन पाहून सांगलीकडची बाई स्वस्थ बसेल हे शक्य नव्हतं. पहिल्याच वर्षी रेश्मानं गहू भिजत घातले, तीन दिवस पाणी बदललं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढला, आणि पाचव्या दिवशी तो शिजवून गच्चीवर कापड अंथरून सोऱ्यानं कुरडया घातल्या. संध्याकाळी उचलायच्या, सकाळी पुन्हा पसरायच्या. वाळल्या की काही घरी, काही मुलीला. मुलगी सांगलीला होती आणि कुरडया तिला राजनैतिक टपालाच्या थैलीतून जायच्या, जी थैली जगातलं कोणतंही कस्टम उघडू शकत नाही. आयोगाच्या प्रतिष्ठेचा एवढा चांगला उपयोग दुसऱ्या कोणी केला नसेल.

खाडीपलीकडून गच्चीवर पांढरी वर्तुळं दिसली. त्या वर्षी नकाशानं हात पसरलेले असतानाही वादळ माकुराला आलं नाही. पुढच्या वर्षी तसंच झालं. तिसऱ्या वर्षापासून लांबावर रिवाजच पडला. वर्तुळं दिसली की होड्या समुद्रात जायच्या. ज्या बाईला माहीत आहे की वादळ येणार, ती गच्चीवर पाच दिवसांचं वाळवण कशाला घालील?

हे रेश्माला सांगितलं झैनानं. झैना त्यांच्याकडं स्वयंपाकाला होती, लांबावर राहायची. तिच्या घरात तिची आई, बहीण आणि बहिणीची चार नातवंडं. तिनं हे सांगितलं ते तिला गंमत वाटली म्हणून, आणि रेश्मालाही आधी गंमतच वाटली. मग तिचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून गहू भिजत घालण्याआधी ती नवऱ्याला विचारू लागली. काही सांगू नका, फक्त घालू का नको तेवढं म्हणा. आणि सुहास म्हणायचा, घाल. तसं म्हणता येत होतं, कारण तोवर खरंच काही येत नव्हतं.

*

या वर्षी तिनं सोमवारी विचारलं तेव्हा समुद्रात वादळाचं नावही नव्हतं. घाल, म्हणाला तो. बुधवारी वादळ तयार झालं. गुरुवारी दुपारी मुख्यालयातून फोन आला.

उपसंचालक बाई सौम्य बोलायच्या. त्यांनी सांगितलं की जहाजं उत्तरेकडच्या मोठ्या बंदराच्या बाजूला गेली आहेत. तिथं चाळीस लाख माणसं राहतात. वादळ दक्षिणेला कलेल आणि रविवारी पहाटे माकुरावर येईल. राजधानी उंचावर आहे, लांबाची वस्ती लहान आहे, एकूण विचार करता निर्णय योग्य आहे. सुहासनं आकडे पाहिले. निर्णय योग्यच होता. आयोगाच्या जागी तो असता तर त्यानंही हाच निर्णय घेतला असता. पण म्हणून गिळायला तो सोपा नव्हता.

शनिवारी स्थापनादिनाचा समारंभ ठरला होता, तो रद्द करायचा नाही. घोषणा शनिवारी पहाटे. तोवर निवासस्थानातलं वर्तन नेहमीप्रमाणे ठेवायचं. हे सगळं नेहमीचंच होतं. फोन ठेवता ठेवता बाई म्हणाल्या, "आणि ते तुमच्या छतावर वाळत घालतात ना, ते पांढरं. ते चालू राहू द्या. लोक शांत राहतात त्यानं."

सुहासनं फोन ठेवला. बायकोच्या कुरडया मुख्यालयापर्यंत पोचल्या होत्या. कोणीतरी त्यांची नोंद घेतली होती, कोणीतरी त्यावर चर्चा केली होती, आणि त्या आता आयोगाच्या योजनेचा भाग होत्या. त्याला संताप आला. इतक्या वर्षांत त्याला कशाचाच संताप आला नव्हता, त्यामुळं हा कुठला प्रकार आहे हे कळायलाही थोडा वेळ लागला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात भिजल्या गव्हाचा आंबूस वास भरला होता. मोठं पातेलं ओट्यावर होतं. रेश्मानं चिमटीत एक गहू धरून दाबला, पांढरा चीक बाहेर आला. गहू तयार होते. झैना घरी गेली होती.

"अहो, उद्या चीक काढायचाय," रेश्मा म्हणाली. "काढू का नको?"

सुहास खुर्चीवर बसला. रेश्मानं हात धुतले, पुसले आणि समोर येऊन बसली. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं गप्प बसणं कोणत्या जातीचं आहे हे बाईला ओळखता येतं.

"कधी?" तिनं विचारलं.

"मी काही बोललेलो नाही."

"न्हाई बोलला. बरोबर." ती पातेल्याकडं वळली. "मी उद्या गहू टाकून दिले तर झैनाला दिसंल. तिला दिसलं की दुपारपर्यंत लांबावर कळंल. मग घोषणेची वाट न बघता त्यांना हलता येतंय."

"टाकले तर माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे की. आता राहिलीय किती?"

"नोकरीचं नाही गं." हे त्यानं कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. "नोकरीबरोबर पासपोर्ट जातो. तुझा भारताचा आहे, तू परत जाशील. मी कुठं जाऊ? मग मी कुठलाच राहणार नाही."

रेश्मा त्याच्याकडं बघत म्हणाली, "आत्ता तरी कुठलं हाय तुम्ही?"

तिचा आवाज कडू नव्हता. नवऱ्याची तिला कीव आली होती आणि ती तिनं लपवली नाही. सुहासला एकदम वाळव्याचं दार आठवलं, हातातून पिशवी घेणारा भाऊ आठवला. त्या रात्री रेश्मानं झोपायच्या आधी गव्हाचं पाणी बदललं. सवयीनं.

*

शुक्रवारी सकाळी सुहास लवकर उठला. रेश्मा स्वयंपाकघरात येण्याआधी त्यानं पातेलं उचललं. अंगात कचेरीचा पांढरा शर्ट, गळ्यात टाय, आणि पोटाशी धरलेलं ओल्या गव्हाचं पातेलं. फाटकावरच्या पोलिसानं सलाम ठोकला. पातेल्यामुळं सुहासला सलाम घेता आला नाही.

रेश्माच्या हातून हे होऊ द्यायचं नाही एवढं त्यानं ठरवलं होतं. आदेश मोडायचा तर ज्याला आदेश मिळाला त्यानं मोडावा. शिवाय त्याच्या अंगाला कोणी हात लावू शकत नव्हतं. आयोगानं दिलेलं ते कवच निदान आज सकाळपुरतं तरी त्याचं होतं.

रस्त्यापलीकडं उतारावर मासळीवाल्या बायका तरीवरून येऊन टोपल्या मांडत होत्या. त्यांच्या आसपास शेळ्या फिरत होत्या. सुहास सगळ्यांच्या देखत तिथं गेला आणि त्यानं पातेलं पालथं केलं. तीन दिवस भिजलेले, टच्च फुगलेले गहू जमिनीवर पसरले. शेळ्या धावून आल्या. रिकामं पातेलं घेऊन तो तसाच उभा राहिला.

बायका आधी त्याच्याकडं पाहत राहिल्या, मग गव्हाकडं, मग टेकडीवरच्या रिकाम्या गच्चीकडं. त्या दरवर्षी या गव्हाबद्दल झैनाच्या तोंडून ऐकत आल्या होत्या. एका म्हातारीनं टोपली परत डोक्यावर घेतली. मग दुसरीनं. न विकलेली मासळी घेऊन सगळ्या जणी तरीच्या धक्क्याकडं उतरू लागल्या. त्यांच्यात झैना होती. ती कामावर यायला निघाली होती. ती वाटेतच वळली आणि वळताना तिनं सुहासकडं पाहून नुसती मान हलवली.

दुपारपर्यंत दोन्ही तरी माणसांनी भरून येऊ-जाऊ लागल्या. शनिवारी पहाटे घोषणा झाली तेव्हा निम्म्याहून जास्त वस्ती हलली होती, आणि दिवस मावळेपर्यंत लांबावर फक्त घरं राहिली. संध्याकाळी समारंभ झाला. अर्धे पाहुणे आले नाहीत, बँडवाले मात्र आले, वाद्यं धरून मिनिटभर गप्प उभे राहिले आणि या खेपेला कोण गेलं असं कोणी विचारलं नाही. रविवारी पहाटे वादळ आलं. लांबावरच्या मशिदीच्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या, बाकी सगळं सपाट झालं. माणूस एकही गेला नाही.

*

मंगळवारी माकुराच्या परराष्ट्र खात्यातल्या शिष्टाचारप्रमुख मादाम ओडेट आल्या. फाटकाबाहेर गाडी थांबवून त्यांनी आत यायची परवानगी मागितली. शेवटची परवानगी. आत आल्यावर त्यांनी चहा घेतला, वादळाबद्दल बोलल्या, मग म्हणाल्या, "आयोगानं तुमचं संरक्षण काढून घेतलं आहे. आज दुपारपासून. आजवर कोणाचं काढलं नव्हतं. माझा भाऊ लांबावर राहतो, श्रीयुत नाईकवडी. त्यानं तुम्हाला नमस्कार सांगितला आहे." आणि त्यांनी बाहेर थांबलेल्या पोलिसांना आत घेतलं.

माकुराचं सरकार आयोगाचं सभासद होतं, घोषणेआधी घबराट पसरवणं हा तिथं गुन्हा होता, आणि सरकारला आयोगाला काहीतरी दाखवायचं होतं. खटला चालला. न्यायाधीश बाईंना शिक्षा सोपी वाटली होती. परक्या माणसाला देशाबाहेर घालवायचं. त्यांनी विचारलं, आरोपीचा देश कोणता? वकिलांनी एकमेकांकडं पाहिलं. भारतीय वकिलातीचा माणूस म्हणाला की अर्ज करता येईल, काही वर्षं लागतील. आयोगाचा माणूस म्हणाला की राखाडी पासपोर्ट रद्द झाला आहे. हद्दपार करायचं तर कुठं करायचं, हे शेवटपर्यंत कोणाला सांगता आलं नाही. अखेर न्यायाधीश बाईंनी त्याला माकुरातच राहण्याची शिक्षा दिली. त्रिशंकूला निदान आकाशात तरी जागा होती, असं रेश्मा म्हणाली, आणि तिनं परत जायचं तिकीट काही काढलं नाही.

लांबावर घरं पुन्हा उभी राहिली, त्यात झैनाच्या शेजारी एक खोली या दोघांची. सुहास शाळेत गणित शिकवू लागला. रेश्मा तरीच्या धक्क्यावर बटाटेवडे तळायची आणि ते मासळीपेक्षा लवकर संपायचे. रेश्माला दिवसभर माणसं भेटायची, ती खूश होती. सुहासही बरा होता. एवढ्यात आयोगाचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाला, आणि जुन्या सवयीनं त्यानं तो वाचला.

माकुरा, लांबा. जीवितहानी शून्य. निर्णयाचं मूल्यमापन, अत्यंत यशस्वी.

तो पुन्हा पुन्हा तेवढंच वाचत राहिला. यंत्र मागच्या वादळांतली हानी मोजतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? लांबावर कोणी मेलं नाही, म्हणजे लांबावर वादळ सोडणं स्वस्त आहे. पुढच्या वेळी दोन किनारे समोर आले की यंत्र लांबाकडं बोट दाखवणार, आणि ज्यानं माणसं वाचवली त्यानंच हे करून ठेवलं होतं. त्यानं रेश्माला समजावून सांगितलं. ती तळण थांबवून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मग काय, मरू द्यायचं होतं त्यांना?" नंतर कित्येक दिवस तो दमलेल्या माणसासारखा वागत होता, आणि खरोखरच तो दमलेला होता.

रेश्मानं त्या वर्षापासून कुरडया घालणं सोडलं. तिला आता काहीच आधी कळत नव्हतं आणि लोक तिच्या दाराकडं अजून बघत होते. चुकून घातल्या आणि होड्या समुद्रात गेल्या तर? ऊन कडकडीत पडायचं आणि ती नुसती बघायची.

*

पुढच्या मार्चमध्ये समुद्रात वादळ झालं. नकाशानं पुन्हा हात पसरले. टेकडीवरच्या घरात नवे प्रतिनिधी आले होते, श्रीयुत हॅलोरन, सरळ आणि नम्र माणूस. वर्षभर त्यांच्या गच्चीवर काही नव्हतं. त्या दिवशी सकाळी लांबाच्या लोकांनी पाहिलं तर गच्चीवर पांढरी वर्तुळं होती.

वस्तीला हायसं वाटलं. दोन होड्यांनी इंजिनं चालू केली. झैनानंही बोट दाखवून हसत सांगितलं, बघा, साहेबांनी आपल्या मामांचा रिवाज चालू ठेवला. तिकडं मोठ्या बाईला मामा म्हणतात, आणि रेश्माला आता सगळी वस्ती त्याच नावानं हाक मारायची. रेश्मा धक्क्यावर उभी राहून डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. तिनं होडीवाल्यांना सांगितलं, जरा थांबा, संध्याकाळपर्यंत थांबा. का, ते तिलाही धड सांगता येईना. पण वडे तिचे खाल्लेले होते, ते थांबले.

दुपार कलली. वर्तुळं तशीच, ओळीनं, सैनिक उभे केल्यासारखी. ऊन उतरलं, वाऱ्यात ओल आली, मावळतीला गच्चीचा कठडा लाल झाला. गच्चीवर कोणी आलं नाही. सुहास शाळेतून येऊन तिच्याशेजारी बसला होता.

"दव पडायला लागलं," रेश्मा म्हणाली. "ज्याला खायच्या असतात तो आत्तापर्यंत उचलून घरात घेतो. या दाखवायला घातल्यात."

सुहास गच्चीकडं पाहत राहिला. ती वर्तुळं कोणी, कुठून मागवली असतील, कोणत्या थैलीतून आली असतील, आणि फोन ठेवता ठेवता काय सांगितलं गेलं असेल, हे सगळं त्याला ऐकू आल्यासारखं कळलं. होड्या अजून धक्क्याला होत्या. तरीवाला घरी जायला निघाला होता. आज हलायला सुरुवात केली तर सगळे निघतील. पुन्हा कोणी मरणार नाही, पुन्हा अहवालात शून्य लिहिलं जाईल आणि पुढच्या वेळी लांबा आणखी स्वस्त होईल.

रेश्मानं कढईखालचा जाळ बंद केला. "उठा," ती म्हणाली.

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला, अंधारात चपला शोधल्या आणि तरीवाल्याला हाक मारायला निघाला.